मशीन अखंड चालू होतं म्हणे

‘चालू’ या एका शब्दापायी मी माझ्या टीम लीडशी भांडले, तालुक्याच्या साहेबांशी भांडले आणि शेवटी सख्ख्या भावाशीही भांडले. त्यातलं एकही भांडण मागे घ्यावंसं मला वाटत नाही. उलट कमीच भांडले, असं आजही वाटतं.

मी परभणीत राहते आणि पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम घरून करते. कंपनी छोटे डबे बनवते. तळहातापेक्षा थोडा मोठा डबा, त्याला एक वायर, वायरीच्या टोकाला तापमान मोजणारी सळई. कुठल्याही यंत्राला तो लावायचा आणि त्या यंत्रावर त्यानं नजर ठेवायची. दुधाची टाकी म्हणा, बोअरचा पंप म्हणा, लशींचा फ्रीज म्हणा. काही बिघडलं की डब्यानं मोबाइलवर मेसेज टाकायचा. प्रत्येक डब्याच्या पोटात एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. आपल्या फोनमध्ये असते तशीच, पण चणीनं अगदी बारीक. माझं काम तिच्या तळाशी. डब्यानं वेळ कसा मोजायचा, झोपायचं कधी, उठायचं कधी, हे मी बघते.

हो, यंत्रं झोपतात. बॅटरी वाचवायला डबा जवळपास सगळंच बंद करून पडून राहतो, मधूनच जागा होतो, तापमान बघतो, लिहून ठेवतो आणि परत झोपतो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

आता प्रश्न असा, की डबा सुरू केल्यापासून तो किती वेळ चालू आहे, हे त्यानं सांगायचं, तर त्यात झोपेतला वेळ धरायचा की नाही? याला आमच्या धंद्यात अपटाइम म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटतं. जगातल्या मोठमोठ्या सिस्टिमही यावर एकमताच्या नाहीत. काही झोप धरतात, काही धरत नाहीत. आम्ही आमची सिस्टिम नव्यानं लिहीत होतो, त्यामुळे आम्हाला ठरवावं लागणार होतं.

त्यावर मीटिंग झाली. मी म्हटलं, झोपेतला वेळ धरायलाच पाहिजे. डबा झोपला तरी बाहेर ऊन थांबत नाही, फ्रीज तापायचा थांबत नाही. चिपमध्ये झोपेतही मोजत राहणारा एक बारीक काउंटर असतोच. त्याच्यावरच तर डबा वेळेवर उठतो. तो वाचायचा आणि बेरीज करायची, एवढंच.

आमचा लीड शांत माणूस. आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड. तो म्हणाला, “प्रोसेसर काम करत नसेल तर सिस्टिम अप आहे असं म्हणायचं कशाला? जेवढा वेळ जागी, तेवढाच अपटाइम. स्वच्छ व्याख्या आहे.”

“मग जेवढा वेळ झोपली, तो कुठं दाखवायचा?”

“दाखवायची गरज काय? झोपली म्हणजे बंद पडली नाही.”

यातली ग्यानबाची मेख मला नंतर दिसली. डबा अखंड चालू राहील, असं कंपनीनं गिऱ्हाइकांना लिहून दिलं होतं. लाइट गेली की डबा आतल्या बॅटरीवर चालतो. ती उतरून तो पूर्ण बंद पडला, तर परत सुरू होताना त्याचा आकडा शून्यापासून चालू होतो आणि ते शून्य गिऱ्हाइकाला दिसतं. झोपला तर आकडा आहे तिथंच थांबतो आणि उठल्यावर तिथूनच पुढे जातो. मध्ये काही घडलंच नाही असं दिसतं. म्हणून डब्याला शिकवलं गेलं, की लाइट गेली की लगेच झोप, पण बंद पडू नकोस. मी लेखी विरोध नोंदवला. बाकीच्यांनी लीडच्या म्हणण्याला मान डोलावली आणि व्याख्या ठरली.

पुढे चाचणीसाठी काही डबे आमच्या जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत लागले. लीड मला म्हणाला, “तू तिथं आहेस म्हणून तुझा जिल्हा घेतला.” मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आठवलं की आता डोकं सणकतं.

त्यातला एक डबा माझ्या वहिनीच्या केंद्रात आला.

माझं दहावीचं वर्ष होतं तेव्हा वहिनी आमच्या घरात आली. ती नर्स आहे. जिंतूर तालुक्यातल्या एका गावच्या आरोग्य केंद्रात लशींचा फ्रीज तिच्या ताब्यात असतो. रोज सकाळी परभणीहून एसटीनं निघायचं, झरी, बोरी मागे टाकत फाट्यावर उतरायचं आणि पुढे मिळेल त्या ऑटोनं आत जायचं. लशीच्या दिवशी आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून बाया लेकरं घेऊन येतात. कापूस वेचणीच्या दिवसांतही वहिनीच्या दिवसाला बाया चुकत नाहीत, कारण चुकली तर वहिनी घरी जाऊन उभी राहते. हे सगळं ती कुठलाही गाजावाजा न करता करते. मी सांगितलं नाही तर कुणाला कळायचंही नाही.

तिची एकच काळजी असायची, फ्रीज. आमच्याकडे लाइटचा काही नेम नाही. रविवारी घरी असली तरी तिचं अर्धं लक्ष तिकडं. डबा लागला तेव्हा ती मला म्हणाली, “तुझ्या डब्यानं लय मोठं काम केलं बघ. आता रविवारी तरी जिवाला घोर न्हाई.”

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी वादळ आलं. अवकाळी वारं, धूळ, थोडा पाऊस. केंद्राच्या गावात लिंबाचं झाड तारांवर पडलं आणि गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. परभणीत आमच्याकडे थोडा वेळ लाइट गेली आणि आली. त्यामुळे आम्हाला काही वाटलं नाही.

रविवारी घरात आमरस होता. वहिनी पुऱ्या तळत होती. मधेच हात पुसून तिनं ओट्यावरचा फोन बघितला. जेवताना परत बघितला. मी विचारलं, “काय झालं?”

“काही न्हाई. डब्याचा मेसेज न्हाई. म्हणजे बरं हाय सगळं.”

मेसेज येणार नव्हता. लाइट जाऊन किंवा फ्रीज तापून चार तास झाले की मेसेज टाक, असं डब्याला सांगितलेलं होतं. आमच्याकडे लाइट सारखीच ये-जा करते, प्रत्येक वेळी मेसेज आला तर माणूस वैतागेल, म्हणून चार तास. पण डबा ते चार तास त्याच्या स्वतःच्या अपटाइमवर मोजत होता. आणि तो झोपला होता. अधूनमधून उठून जेवढे क्षण तो जागा राहिला, तेवढीच त्याची बेरीज. गावात शनिवारची रात्र गेली, रविवारचं अख्खं ऊन गेलं, दुसरी रात्र गेली. डब्याच्या हिशेबानं काही मिनिटं गेली.

केंद्रात रविवारी एक डॉक्टर होते. त्यांनी मोबाइलच्या उजेडात एक विंचूदंश आणि एक बाळंतपण बघितलं. जनरेटर सुरू होत नव्हता. फ्रीजकडे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण त्याच्याकडे बघायला आता मशीन होतं.

सोमवारी पहाटे लाइट आली. वहिनी पोहोचली तोवर फ्रीज घुरघुरत होता. तिनं तरी दार उघडून बाटल्या बघितल्या. लशीच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो. उष्णता लागत जाईल तसा तो गडद होतो. सगळ्या बाटल्यांचे चौकोन गडद झाले होते. तिनं त्या वेगळ्या काढल्या, वर ‘वापरू नये’ लिहिलं, डॉक्टरांना सांगितलं, तालुक्याला स्वतः फोन केला. बाहेर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. त्यांना तिनं हात जोडून परत पाठवलं.

म्हणजे तिनं जे करायला पाहिजे ते सगळं केलं. चूक लपवायची असती तर त्या बाटल्या खपवणं काही अवघड नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. तिनं स्वतः सांगितलं, आणि त्याच आठवड्यात तिला नोटीस आली.

नोटिशीसोबत डब्याचा आलेख जोडला होता. आलेखात तापमानाची रेघ सरळ आडवी चाललेली, आणि मग एकदम भिंतीसारखी उभी. काही मिनिटांत फ्रीज तापलेला. वर ठळक अक्षरांत डब्याचा अपटाइम, कुठेही खंड नाही. खाली तालुक्याच्या साहेबांनी लिहिलं होतं, की यंत्र अखंड चालू असल्यानं वीजपुरवठा खंडित झाल्याचा आपला दावा ग्राह्य धरता येत नाही. इतक्या कमी वेळात तापमान वाढण्याचं कारण फ्रीजचं दार उघडं राहणं हेच संभवतं. निष्काळजीपणाबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा.

वहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसून तो कागद वाचत होती. तिनं तो मला दिला आणि म्हणाली, “शनिवारी दुपारी मी स्वतः दार लावलं. हातानं दाबून बघितलं. मी रोजच बघते. आता माझा मलाच भरवसा वाटंना झालाय.”

मला राग आला तो या वाक्याचा. इतकी वर्षं चोख काम करणारी बाई एका आलेखाकडे बघून स्वतःच्या हातावर संशय घ्यायला लागली होती. मी आलेख बघितला आणि मला क्षणात कळलं. ती उभी भिंत मी ओळखत होते. अशीच दिसेल, हे मी त्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं.

“वहिनी, दार लागलेलंच होतं,” मी म्हटलं. “डबा झोपला होता.”

“झोपला होता? मग चालू होता असं का लिहितंय ते?”

मी तिला आलेखाच्या तळाची वेळेची रेघ दाखवली. त्या रेघेवरही डब्याच्या जागेपणाचीच मिनिटं होती. 

संध्याकाळी भाऊ घरी आला. तो जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे, सरकारी कागदाला घाबरणारा. त्यानं नोटीस वाचली आणि म्हणाला, “नजरचुकीनं झालं असंल असं लिहून टाक. माफी माग. समज देऊन सोडतेल. वाद घातला तर नोकरीवर येईल.”

“दादा, तिनं न केलेल्या गोष्टीची माफी?”

“तुला काय कळायलंय त्यातलं? तू घरी बसून काम करती. आमाला साहेबाच्या पुढं उभं राहावं लागतं.”

“मग उभे राहा की! माना घालून उभे राहता म्हणून तर ते असे कागद पाठवायलेत!”

आई मध्ये पडली नसती तर ते भांडण कुठं गेलं असतं सांगता येत नाही. वहिनी मात्र उठून ओट्याकडे गेली. तिनं ताटं वाढली.

पुढच्या लशीच्या दिवशी मी रजा टाकून तिच्याबरोबर केंद्रात गेले. मला डबा बघायचा होता. गावात तोवर गोष्ट पसरली होती, आणि ती अशी, की सिस्टरनं फ्रीज उघडा टाकला आणि लस नासवली. ओट्यावर बाया बसल्या होत्या. नेहमीपेक्षा कमी. वहिनीनं एका बाईच्या हातातल्या लेकराकडे हात पुढे केला. बाईनं लेकरू छातीशी ओढलं.

“तुमच्या हातची नको,” ती म्हणाली. “दुसऱ्या सिस्टर असल्या तर बघा. न्हाईतर आमी जिंतूरला जातो.”

आमचं घर बौद्ध. ‘तुमच्या हातचं नको’ या शब्दांना आमच्या घरात आणखी एक जुना अर्थ आहे. माझ्या आजीनं तो विहिरीवर ऐकलेला. त्या बाईच्या मनात तो होता की फक्त नासलेली लस होती, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण वहिनीला तो ऐकू आला, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं हात मागे घेतला, सुई ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाली, “बरं. पण लस चुकवू नका. जिंतूरला आजच जा.”

मी बाहेर जाऊन लीडला फोन लावला. केंद्राच्या मागे, बंद पडलेल्या जनरेटरपाशी उभी राहून.

“तुझ्या स्वच्छ व्याख्येनं एका बाईला चोर ठरवलंय,” मी म्हटलं.

सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “वाईट झालं. पण सिस्टिम ठरल्याप्रमाणेच वागली आहे. हा बग नाही.”

“बग नाही हेच तर म्हणतेय मी! चुकून झालं असतं तर एक वेळ चाललं असतं. हे आपण ठरवून केलंय.”

“तू भावनेच्या भरात बोलतेयस.”

“हो. बोलतेय. तू पण बोल जरा भावनेच्या भरात. ठरवलेले चार तास संपले की नाही हे बघायला तू ज्या घड्याळावर विसंबलास, ते घड्याळ बंद होतं. एखाद्या पहारेकऱ्यानं झोपेतले तास ड्युटीत धरू नका म्हटलं असतं तर मी समजले असते. तो झोपला असताना चोर घरात होता, ते तास पण धरू नका म्हणतोयस तू.”

तो मग म्हणाला, “कंपनीकडून मी काही लिहून देऊ शकत नाही. आणि तूही गिऱ्हाइकाशी परस्पर बोलायचं नाही. तुझ्या करारात तसं आहे.”

“मी कंपनीकडून बोलणारच नाही. मी नणंद म्हणून बोलणार आहे.”

घरी चाचणीसाठी दिलेला तसाच एक डबा माझ्याकडे होता. खुलासा देण्याच्या दिवशी तो मी पिशवीत टाकला, लॅपटॉप घेतला आणि वहिनीबरोबर तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात गेले. वाटेत रसवंतीवरून बर्फ घेतला. रसवाला म्हणाला, “नुसता बर्फ? रस न्हाई?” वहिनी त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

साहेब दुष्ट नव्हते. थकलेले होते, टेबलावर फायलींचे ढीग होते आणि पंखा गरम हवा ढवळत होता. त्यांनी वहिनीचा खुलासा वाचला आणि बाजूला ठेवला.

“सिस्टर, तुमचं म्हणणं लाइट नव्हती. मी वीजवाल्यांना विचारलं. ते म्हणतात लाइन चालू होती.”

“साहेब, लाइन चालू असंल. आमच्या गावची डीपी जळाली होती. सगळ्या गावाला विचारा.”

“गावाला काय विचारायचं? गाव काहीही सांगतं. मशीन खोटं बोलत नाही.”

मी उभी राहिले. “साहेब, मी हेच मशीन बनवणाऱ्यांपैकी आहे. ते खोटं बोलतंय. मी तुम्हाला ते खोटं बोलताना दाखवते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांची परवानगी मिळायची वाट बघितली नाही, हे कबूल. स्टुलावरचा स्टीलचा ग्लास उचलला, त्यात बर्फ आणि पाणी घातलं, डब्याची सळई त्यात बुडवली. डबा त्यांच्याच टेबलाजवळच्या प्लगला लावला. लॅपटॉपवर आडवी रेघ दिसायला लागली. मग मी प्लग काढला आणि ग्लास खिडकीत उन्हात ठेवला.

“आता आपण बसू,” मी म्हटलं.

“किती वेळ?”

“बर्फ विरघळून पाणी कोमट होईपर्यंत.”

त्यांनी आम्हाला हाकललं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. ते त्यांचं काम करत राहिले. माणसं आली, सह्या झाल्या, चहा आला. आम्ही भिंतीजवळच्या बाकावर बसून होतो. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. खिडकीतल्या ग्लासात बर्फाचे खडे बारीक होत गेले, मग दिसेनासे झाले. साहेब अधूनमधून नजर वर करून ग्लासाकडे बघायचे.

जेवणाची वेळ उलटून गेल्यावर मी उठले आणि म्हटलं, “साहेब, ग्लासात बोट घाला.”

त्यांनी घातलं. पाणी गरम झालं होतं. मी डबा परत प्लगला लावला. डबा जागा झाला, त्यानं लिहून ठेवलेलं सगळं पाठवलं, आणि लॅपटॉपवर आडव्या रेघेपुढे एक उभी भिंत आली. वर आकडा होता, अखंड चालू. सकाळपासून दुपारपर्यंतचा सगळा वेळ त्या भिंतीच्या जाडीत मावला होता.

साहेबांनी फाइलमधून नोटिशीचा आलेख काढला आणि लॅपटॉपजवळ धरला.

“आता तुम्हीच सांगा,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि दारात दोन-तीन माणसं येऊन उभी होती, पण मला थांबता आलं नाही. “या ग्लासाचं दार कोणी उघडं टाकलं? तुम्ही इथंच होता. तुमच्या डोळ्यादेखत बर्फ वितळला. तुम्ही चहा पिला, किती कागदांवर सह्या केल्या. मशीन म्हणतंय यातलं काहीच झालं नाही. आता मशीनचं खरं मानायचं की तुमचं?”

“बाई, हळू बोला.”

“हळूच बोलत होती ती. तिनं तुम्हाला स्वतः फोन करून सांगितलं होतं. हळू आवाजात. त्याचा काय उपयोग झाला?”

वहिनीनं माझा हात धरला. “बस कर,” ती म्हणाली. मग साहेबांकडे वळून तिनं शांतपणे विचारलं, “साहेब, मी दार लावलं होतं. एवढं तरी लिहून द्याल का?”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. “बघतो,” ते म्हणाले.

त्यांनी बघितलं, आपल्या पद्धतीनं. काही आठवड्यांनी कागद आला, की खुलासा विचारात घेऊन प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे. दार लावलेलं होतं, असं त्यात कुठंही नव्हतं. चूक आमची झाली, असंही नव्हतं. भावानं तो कागद वाचून पेढे आणले. मी पेढा खाल्ला नाही. तो म्हणाला, “मिटलं की आता.” मी म्हटलं, “मिटलं नाही दादा, फाइलीत घातलं.” त्यावर आम्ही दोन दिवस बोललो नाही. नंतर एका संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला, लॅपटॉपजवळ बसला आणि म्हणाला, “ती झोपायची भानगड मला एकदा नीट समजून सांग.” मी सांगितली. त्यानं मध्ये मध्ये प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. तेवढी एक गोष्ट या सगळ्यात बरी झाली.

मात्र साहेबांनी आणखी एक काम केलं आणि त्याचं श्रेय मी त्यांना देते. त्यांनी जिल्ह्याला कळवलं, जिल्ह्यानं कंपनीला लेखी विचारलं. मग पुण्यात परत मीटिंग भरली. या वेळी सगळ्यांचे कॅमेरे चालू होते. लीडनं मला व्याख्या लिहायला सांगितली. मी लिहिली. अपटाइम म्हणजे सुरू झाल्यापासून बाहेरच्या जगात गेलेला सगळा वेळ, झोपेसकट. जागेपणाचा वेळ वेगळा दाखवायचा आणि झोपेचा वेगळा. धोक्याचा कुठलाही मेसेज पहिल्या घड्याळावरच मोजायचा. आणि बॅटरी संपत आली तर शेवटचा मेसेज टाकून डब्यानं सरळ बंद पडायचं. बंद पडण्यात लाज नाही, असंही एक वाक्य मी लिहिलं होतं. ते त्यांनी काढलं.

बाकीचं सगळं मान्य झालं. सगळ्या डब्यांत नवी सिस्टिम गेली. पण गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर, सगळ्यात वर, मोठ्या हिरव्या अक्षरांत अजूनही जागेपणाचाच वेळ असतो. त्याला आता ‘सक्रिय वेळ’ असं नाव दिलंय. झोपेचा आकडा बघायला आत तीन ठिकाणी दाबावं लागतं. मी विचारलं तर उत्तर आलं, की तो डिझाइनचा विषय आहे, तुझा नाही.

मी नोकरी सोडली नाही. मैत्रिणी विचारतात, एवढी चिडलीस तर राहिलीस कशी? राहिले, कारण मी गेले तर त्या व्याख्येत पहिल्यांदा कोण हात घालेल, ते मला माहीत आहे.

त्यानंतर एकदा मी परत वहिनीच्या केंद्रात गेले. ओट्यावर गर्दी बऱ्यापैकी झाली होती. ‘तुमच्या हातची नको’ म्हणणारी बाई आली नव्हती. तिची सासू लेकराला घेऊन आली होती. म्हातारी वहिनीकडे न बघता म्हणाली, “सुनेला कामाला जायचं होतं.” वहिनीनं लेकराला मांडीवर नीट धरायला लावलं, सुई टोचली, आणि ताप आला तर काय करायचं ते तिला इतरांना सांगते तेवढ्याच सावकाशीनं सांगितलं. दोनदा सांगितलं. म्हातारी मान हलवून निघून गेली.

परतीच्या एसटीत मी त्या बाईबद्दल बोलत राहिले. की तिनं एकदा येऊन चुकलं म्हणायला पाहिजे होतं. की साहेबांनी गावात येऊन सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे होतं. की लीडला एक दिवस या ओट्यावर आणून बसवायला पाहिजे. वहिनी शेंगा सोलत खिडकीबाहेर बघत होती.

“तुझा राग खरा हाय,” ती शेवटी म्हणाली. “पण तू घरी जाऊन रागावती. मला उद्या परत त्यांच्यातच जायचंय. मी रागावून कसं भागंल?”

मग तिनं सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले, आणि बोरी येईपर्यंत पुन्हा तेच बोलत राहिले.